नाना अचानक शांत झालेत आणि मला भीती वाटायलीय

मागाची_लेक
सोलापूर

नमस्कार, इथं नेहमी वाचते पण लिहितेय पहिल्यांदाच. लांब होईल, तरी पूर्ण वाचा आणि ज्यांना माहितीये त्यांनी प्लीज सांगा.

माझं माहेर सोलापुरात पूर्व भागात. घरी तेलुगू, शाळा मराठी, वडिलांना आम्ही नाना म्हणतो. नानांचं वय ५८. एकतीस वर्षं पॉवरलूमवर जॉबर होते, म्हणजे माग दुरुस्त करणारे. माग बिघडला की शेजारच्या कारखान्यातनं पण नानांनाच बोलावणं यायचं, मागाजवळ जाऊन नुसतं कान देऊन उभं राहायचे आणि सांगायचे कुठं अडकायलंय ते. मागच्या वर्षी दिवाळीच्या आधी कारखाना बंद झाला. आई जाऊन तीन वर्षं झाली, भाऊ चाकणला कंपनीत, मी सासरी जुळे सोलापूरला. म्हणजे नाना घरात एकटे.

दिवाळीनंतर जेवण कमी झालं. शेजारच्या आक्का म्हणाल्या की रात्री दोन-तीन वाजता ओट्यावर बसलेले असतात. दाढी करायचे नाहीत, कुणाच्या लग्नाला नाहीत, गड्ड्याच्या जत्रेला पण आले नाहीत, जे आजवर कधी चुकलं नव्हतं. फोनवर दोनदा म्हणाले, "माझं आता काय काम आहे तुम्हाला." एकदा म्हणाले, "मी नसलो तर घर विकून दोघं वाटून घ्या, भांडू नका." मी ओरडले त्यांच्यावर, कायतरी बोलू नका म्हणून, आणि फोन ठेवला. ते आता राहून राहून आठवायलंय.

आणि आता गेल्या पंधरा दिवसांत एकदम बदललेत. रोज दाढी, इस्त्रीचा शर्ट, सकाळी सिद्धेश्वरला जाऊन येतात, हसून बोलतात. किराणा दुकानाची उधारी भागवली. भिशीतनं नाव काढून घेतलं. रविवारी गेले तर पासबुक, पीएफचे कागद, घराच्या पावत्या सगळं एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून माझ्या हातात दिलं, वर वहीच्या पानावर कुठं काय आहे ते लिहिलेलं. म्हणाले, "तुला माहिती पाहिजे." आणि मग कळलं की त्यांनी पाना-पक्कडीची पेटी देऊन टाकली. गल्लीतला एक पोरगा कारखान्यात नवीन लागलाय, त्याला. त्या पेटीच्या कडीला सूत गुंडाळलेलं आहे, आईनं गुंडाळलं होतं, हाताला कडी रुतू नये म्हणून. आम्हा दोघांना लहानपणी त्या पेटीला हात लावला तर मार बसायचा.

सासूबाई म्हणतात वैराग्य आलंय, चांगलंच आहे. भाऊ म्हणतो डिप्रेशनमधनं बाहेर आलेत, तू उगाच डोक्याला ताप करून घेऊ नको. पण मला त्या पेटीमुळं झोप नाही. मी काही वाचलं नाही शिकले नाही यातलं, नुसतं पोटात गोळा येतोय.

मला विचारायचंय की हे खरंच बरं होणं आहे का? त्यांना सरळ विचारलं तर जे डोक्यात नाही ते उलट भरेल का? सोलापुरात दाखवायचं कुठं? आणि नातेवाइकांत एक जण म्हणतात अशा गोष्टी बाहेर काढल्या की पोलिसांचं लफडं होतं, ते खरं आहे का?

*

अक्कलकोट_रोड

ताई, वाईट विचार करू नका. माणूस रिटायर झाला की असं होतं. त्यांना तुळजापूर, अक्कलकोट करून आणा, चार दिवस तुमच्याकडं ठेवा, नातवंडांत मन रमेल. कागदपत्रं व्यवस्थित लावणं तर शहाण्या माणसाचं लक्षण आहे. माझ्या वडिलांनी पण लावली होती, ते त्यानंतर बारा वर्षं होते.

*

रात्रपाळीची_सिस्टर

ताई, मी नर्स आहे, चौदा वर्षं झाली, त्यातली बरीच कॅज्युअल्टीत गेली. वरच्या दादांनी चांगल्या मनानं लिहिलंय, पण माझं ऐकाल तर आज रात्रीच नानांकडं जा. उद्या नको, रविवार उजाडायची वाट बघू नका.

कागद लावणं, उधारी भागवणं, देवाला जाणं हे एकेकटं काहीच नाही, निम्मं सोलापूर हे करतं. पण तुम्ही जे क्रमानं लिहिलंय ते बघा. काम गेलं, जोडीदार आधीच गेलेली, एकटे राहतात. मग झोप उडाली, जेवण तुटलं, माणसांत येणं बंद झालं. मग "माझं काय काम आहे" आणि "मी नसलो तर", म्हणजे आपण दुसऱ्याला ओझं झालोय असं वाटणं, आणि त्याच्यावर एकदम शांतता, हिशेब मिटवणं आणि जीव की प्राण असलेली वस्तू देऊन टाकणं. औषध नाही, डॉक्टर नाही, परिस्थितीत कणभर फरक नाही आणि माणूस अचानक हलका झाला, तर त्याला बरं होणं समजू नका. कधी कधी माणसाचा आत निर्णय झालेला असतो आणि झगडा संपल्यामुळं तो शांत दिसतो. नानांचं तसंच असेल असं मी इथं बसून सांगू शकत नाही. देव करो आणि नसो. पण ते कळायचा रस्ता एकच आहे, विचारणं.

आणि विचारल्यानं डोक्यात भरत नाही. हे पक्कं लक्षात ठेवा, आमच्या ट्रेनिंगमध्ये पहिल्यांदा हेच शिकवतात, आणि मी स्वतः कितीतरी पेशंटना विचारलंय. ज्याच्या मनात नाही तो म्हणतो "छे, काय बोलताय." ज्याच्या मनात आहे त्याला बहुतेक वेळा सुटल्यासारखं होतं. फक्त आडून विचारू नका. "तुम्ही असलं काही करणार नाही ना?" असं विचारलं की माणूस "नाही" म्हणून मोकळा होतो, कारण तुम्हाला तेच ऐकायचंय हे त्याला कळतं. सरळ विचारा, "नाना, जीव द्यावा असं मनात येतंय का?" तुमच्या घरात तेलुगू असेल तर तेलुगूतच विचारा. रडायच्या गोष्टी माणूस ज्या भाषेत लहानपणी रडला त्याच भाषेत बोलतो.

हो म्हणाले तर ओरडू नका, शपथ घालू नका, लेक्चर देऊ नका. पुढं विचारा, कधीपासून येतंय, काही ठरवलंय का, कधी करायचं ठरवलंय का. ठरवलं असेल तर त्यांना एक मिनिट एकटं सोडायचं नाही, तसंच गाडीत घालून कॅज्युअल्टीला न्यायचं, ती रात्री पण उघडी असते. १०८ ला अँब्युलन्स मिळते, ११२ आहेच. "कुणाला सांगू नको" म्हणाले तर तसं वचन देऊ नका, सांगा की तुम्हाला वाचवायला ज्यांना सांगावं लागेल त्यांना सांगणार.

घरात जे काही धोक्याचं आहे ते आजच बाहेर काढा. जुन्या गोळ्या, आईंची राहिलेली औषधं, शेतीशी संबंध असेल तर फवारणीचं औषध, सगळं आक्कांकडं नाहीतर तुमच्याकडं कुलपात. लोकांना वाटतं ठरवलेला माणूस कसंही करणारच. तसं नसतं. ती लाट येते आणि ओसरते, आणि त्या तेवढ्या वेळात हाताशी काही नसलं तर माणूस वाचतो, आणि वाचलेल्यांतली बरीच माणसं नंतर पूर्ण आयुष्य जगतात. हे मी डोळ्यांनी बघितलंय.

दाखवायचं म्हणाल तर आपल्या सिव्हिलला, म्हणजे वैशंपायन मेडिकल कॉलेजच्या सर्वोपचार रुग्णालयात, मानसोपचार विभाग आहे. केसपेपर काढायचा आणि मानसोपचार ओपीडी म्हणायचं. प्रायव्हेट सायकियाट्रिस्ट पण शहरात आहेत. आणि आत्ता या क्षणी कुणाशी बोलायचं असेल तर १४४१६ लावा, टेलिमानस म्हणतात त्याला, सरकारी आहे, फुकट, चोवीस तास. मराठीत बोलतात, तेलुगू आणि कन्नड पण आहे, आपल्या सोलापूरला तर हे फारच उपयोगाचं. फोन पेशंटनंच करायला पाहिजे असं नाही. तुम्ही लावा, तुम्ही इथं जे लिहिलंय तेच वाचून दाखवा, पुढं कसं जायचं ते सांगतील.

मी जागी आहे. काही लागलं तर लिहा इथं.

*

परत_आलेला
बार्शी तालुका

सिस्टरांनी लिहिलंय त्यात मी फक्त आतली बाजू सांगतो, कारण मी त्या बाजूला जाऊन आलोय. सहा वर्षं झाली. द्राक्षाची बाग, कर्ज, दोन वर्षं लागोपाठ पावसानं घात केला, तपशिलात जात नाही. तुमच्या नानांसारखंच माझं पण झालं होतं, शेवटचे आठ दिवस मी एकदम मोकळा. बायको म्हणाली बऱ्याच दिवसांनी तुम्ही हसला. तिला काय माहिती. मला आतनं वाटायचं की आता प्रश्नच मिटला, आता कुणाचं देणं लागत नाही, सगळ्यांचं बरं होईल. हे खोटं होतं, पण तेव्हा ते गणितासारखं पक्कं वाटतं, आजारी डोकं असं गणित करून देतं की त्यात चूकच सापडत नाही.

लोक काय काय बोलायचे, "पोरांकडं बघ", "तुझ्यापेक्षा वाईट दिवस लोकांनी काढलेत", "मन खंबीर कर." त्यांचं चुकत होतं असं नाही, पण पोरांकडं बघितलं की मला वाटायचं यांना माझ्यासारखा बाप नकोच. म्हणजे जे औषध म्हणून द्यायचे तेच लागायचं.

मला वाचवलं माझ्या मेव्हण्यानं. तो टेम्पो चालवतो, जास्त बोलत नाही. स्टँडजवळच्या हॉटेलात चहा सांगितला, चहा आला, त्यानं बशीत ओतला आणि बशीकडं बघतच म्हणाला, "दाजी, जीव द्यायचं चाललंय का मनात?" मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि आवाजच निघाला नाही. तो काहीच बोलला नाही. चहा गार झाला. मग म्हणाला, "आज मी तुमच्याच घरी झोपतो." आणि झोपला, माझ्या खोलीत, दाराला आडवं अंथरूण टाकून, अकरा दिवस. तिसऱ्या दिवशी सोलापूरला डॉक्टरकडं नेलं.

एक गोष्ट सांगून ठेवतो कारण मला ती कुणी आधी सांगितली नव्हती. गोळ्या लगेच लागू होत नाहीत. डॉक्टरांनी दोन ते चार आठवडे म्हणून सांगितलं होतं, मला पाच लागले. पहिल्या आठवड्यात नुसतं तोंड कोरडं आणि मळमळ, वाटलं हे पण फेल गेलं. त्या दिवसांत सोबत कुणीतरी पाहिजेच, आणि गोळ्यांचं पाकीट पेशंटच्या हातात देऊ नका, रोजची रोज द्या. बरं वाटायला लागलं म्हणून आपल्या मनानं बंद पण करू नका, मी केल्या होत्या, परत घसरलो.

कर्ज तर लगेच काही फिटलं नाही, अजून थोडं आहे. पण आता ते कर्जाएवढंच दिसतं.

ताई, आज जावा.

*

पार्क_चौक

वकिली करतो म्हणून पोलिसांच्या मुद्द्यावर तेवढं लिहितो, कारण या भीतीपायी लोक दवाखान्यात न्यायला उशीर करतात. मनात विचार येणं, ते बोलून दाखवणं, डॉक्टरला दाखवणं हा कधीच गुन्हा नव्हता. जुन्या भारतीय दंड संहितेत प्रयत्न करणाऱ्यासाठी कलम ३०९ होतं, भीती तिथनं आलीय. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा आला, त्याचं कलम ११५ सांगतं की असा प्रयत्न केलेला माणूस प्रचंड ताणाखाली होता असंच धरायचं, त्याच्यावर खटला चालवायचा नाही, उलट त्याची काळजी, उपचार आणि पुनर्वसन ही सरकारची जबाबदारी. आणि १ जुलै २०२४ पासून जी भारतीय न्याय संहिता लागू झाली तिच्यात ३०९ ठेवलंच नाही. त्यामुळं नातेवाइकांना सांगा की लफडं वगैरे काही नाही, बिनधास्त न्या.

आकडे बघितले तर पोटात खड्डा पडतो. एनसीआरबीच्या, म्हणजे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या, २०२२ च्या अहवालात देशात १,७०,९२४ माणसं अशी गेली, आणि राज्यांत पहिला नंबर आपल्या महाराष्ट्राचा, २२,७४६. दर दहात सात पुरुष, आणि चारात एकापेक्षा जास्त रोजंदारीवर पोट असलेले. कारखाने आणि विड्या यावर चालणाऱ्या आपल्या गावानं हे वाचायला पाहिजे. आपल्याकडं बाईमाणूस निदान शेजारणीपाशी रडते तरी, पुरुष ओट्यावर बसतो आणि आपण म्हणतो हवा खात बसलाय.

*

मागाची_लेक

रात्रीचे पावणेदोन झालेत. नाना आत झोपलेत, मी त्यांच्या स्वयंपाकघरात बसून लिहितेय.

सिस्टर, तुमचं वाचलं आणि आधी १४४१६ लावला. एक बाई होत्या, मी रडत रडत सगळं सांगितलं, त्यांनी घाई केली नाही. नंतर ह्यांना म्हटलं गाडी काढा. साडेनऊला पोचलो. ह्यांना आक्कांकडं बसवलं आणि मी एकटीच आत गेले, सोबत कडक भाकरी आणि शेंगाचटणी नेली होती, काहीतरी निमित्त पाहिजे म्हणून.

जेवताना विचारायचं ठरवलं होतं, धीर झाला नाही. ताट घासताना पाठ करून विचारलं, तेलुगूत. पाठ करूनच, तोंडाकडं बघून मला जमलंच नसतं. बराच वेळ काही आवाज नाही. नळ चालू होता तो नानांनी येऊन बंद केला. मग म्हणाले, "पेटीवरनं कळलं का तुला?"

जास्त लिहवत नाही. ठरवलं होतं त्यांनी. दिवस पण ठरवला होता, लांबचा नव्हता. मी सिस्टरांनी सांगितल्यासारखं ओरडले नाही, खूप आलं होतं ओठांवर. नाना म्हणाले माग बंद पडल्यापासनं कानात आवाज नाही, घर इतकं गप्प आहे की सहन होत नाही. एकतीस वर्षं त्या खडखडाटात काढली, आम्हाला वाटायचं आता जरा शांतता मिळाली त्यांना.

सिव्हिलला कॅज्युअल्टीत जाऊन आलो, डॉक्टरांनी नानांशी एकट्याशी पण बोलून घेतलं आणि माझ्याशी पण, आणि नाना नीट बोलले, मी सोबत झोपणार हे लिहून घेऊन सकाळी ओपीडीला या म्हणाले. घरातल्या सगळ्या गोळ्या आक्कांकडं गेल्यात. भाऊ पहिल्या गाडीनं निघतोय. मी दाराला आडवं अंथरूण टाकलंय, बार्शीच्या दादांसारखं.

*

अक्कलकोट_रोड

ताई, माझं चुकलं. मी देवाला न्या म्हणालो तेव्हा तुमची पेटीची गोष्ट नीट वाचलीच नव्हती. आमच्या गल्लीत पण एक मामा आहेत, मिल बंद झाल्यापासनं घरातच, परवा त्यांनी मला त्यांची सायकल घेऊन जा म्हटलं, मी खूश होऊन घेऊन आलो. संध्याकाळी जातो त्यांच्याकडं. काय विचारायचं ते वर सिस्टरांनी लिहिलंय तसंच विचारू ना?

*

रात्रपाळीची_सिस्टर

हो दादा, तसंच. सायकल परत घेऊन जा आणि खाली बसा, उभ्या उभ्या विचारू नका. एकटे गेलात तरी चालेल, पण नंतर त्यांच्या घरातल्या एकाला तरी सांगा.

ताई, तुम्ही पण जेवा आणि झोपा थोडं. भाऊ आला की पाळी लावा, एकटीनं ओढू नका. सोबत करणारा माणूस थकतो आणि मग चिडतो, ते पेशंटला लगेच कळतं.

*

मागाची_लेक

अठरा दिवस झाले म्हणून कळवतेय, बरेच जण मेसेजमध्ये विचारत होते.

ओपीडीत डॉक्टरांनी थायरॉईड, शुगर, बी-१२ सगळं तपासायला लावलं, कधी कधी त्यानं पण असं होतं म्हणाले. बी-१२ कमी निघालं, पण मुख्य डिप्रेशनच. गोळ्या चालू आहेत, माझ्या पर्समध्ये असतात, मी किंवा भाऊ रोज देतो. दर आठवड्याला बोलावलंय. झोप थोडी लागायलीय, जेवण अजून निम्मंच. मधला एक दिवस फार वाईट गेला, दिवसभर भिंतीकडं तोंड करून पडले होते, मी परत १४४१६ ला फोन केला आणि दुसऱ्या दिवशीची वाट न बघता डॉक्टरांना दाखवून आणलं. त्यामुळं सगळं ठीक झालं असं मी लिहिणार नाही.

डॉक्टरांनी एका कागदावर लिहून घेतलंय नानांकडनं, स्वतःच्या अक्षरात, की असं वाटायला लागलं तर पहिल्यांदा कुणाला हाक मारायची, मग कुणाला. पहिलं नाव आक्कांचं आहे, माझं दुसरं. मला आधी वाईट वाटलं, मग लक्षात आलं की आक्का भिंतीपलीकडं राहतात आणि मी सात किलोमीटरवर. तो कागद फ्रीजला चिकटवलाय, एक माझ्याकडं, एक भावाकडं.

पेटी अजून त्या पोराकडंच आहे. काल मी मागायला निघाले होते. नाना म्हणाले राहू दे, त्याला लागते, पण सोमवारी मला घेऊन चल तिकडं, दहा-अकराचा पाना त्याला नीट धरता येत नाही, बोटं चेचून घेईल.